रास्त मापाची माणसे

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जत स्थानकात थांबते. पुढे बोरघाटाची अवघड चढण असल्यामुळे गाडीच्या मागे तेथे जादा इंजिने जोडतात. तेवढ्या अवकाशात उतारू खाली उतरतात, वडे घेतात, चहा पितात आणि समोरच्या हिरव्यागार डोंगरांकडे पाहून म्हणतात, “काय सुंदर मुलूख आहे हा !”

मुलूख सुंदर आहे, यात शंका नाही. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली उल्हास नदी कर्जत तालुक्यातून वाहते. शेजारच्या खालापूर तालुक्याला पाताळगंगेचे पाणी मिळते. दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात. कर्जतला भाताच्या संशोधनाचे केंद्र १९१९ पासून आहे. परंतु आगगाडीच्या खिडकीतून जे दिसत नाही, ते या पाठात आपल्याला पाहावयाचे आहे. त्या डोंगरांच्या उतारावर व पायथ्याशी शेकडो लहान लहान वाड्या आहेत. तेथे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या जमातींचे लोक राहतात. पावसाळा प्रवाशाच्या डोळ्यांना जितका रम्य, तितकाच तो या वाड्यांना वर्षानुवर्षे कठीण वाटत आला आहे.

याचे कारण समजण्यास भाताचे वर्ष समजले पाहिजे. ज्येष्ठात पेरणी होते, आषाढात लावणी होते आणि कापणी होते ती दिवाळीच्या सुमारास. गेल्या वर्षीचे धान्य बहुधा पेरणीपर्यंत कसेबसे पुरते. त्यापुढचे दोन-तीन महिने घरात जुने धान्य नाही व शेतात नवे पिकलेले नाही, असा मधला काळ येतो. चिखलात वाकून लावणी करावयाची ती याच दिवसांत. अंगमेहनत सर्वांत अधिक आणि कणगीत धान्य सर्वांत कमी, अशी ही विलक्षण विसंगती ! मग रानातून शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी अशा भाज्या आणाव्यात, कंद खणून काढावेत आणि दिवस ढकलावेत. पण भाजी ही भाकरीची सोबतीण आहे, भाकरी नव्हे. शेवटी पायलीभर धान्यासाठी कोणाच्या तरी दारात उभे राहावेच लागे.

ज्याच्या दारात उभे राहावे लागे, त्याचे माप निराळेच असे. देताना तो मापावर पट्टी फिरवी व सपाट माप देई. परत घेताना मात्र माप शिगोशीग भरून घेई. तोंडी हिशेब, दिव्याच्या उजेडात उमटवलेला अंगठा आणि देणाऱ्याच्या वहीतील न वाचता येणारे आकडे, असा सारा व्यवहार होता. उसने धान्य फेडण्याच्या दोन रिती जुन्या काळापासून चालत आल्या आहेत. एक पायली घेतली असता सव्वा पायली फेडणे ही ‘सवाई’ आणि दीड पायली फेडणे ही ‘दिढी’. कित्येक ठिकाणी तर दुप्पट धान्य द्यावे लागे.

मुलांनो, आकड्यांना जीभ नसते असे म्हणतात. पण ते कसे बोलतात पाहा. समजा, एका कुटुंबाने आषाढात दिढीने चाळीस किलो भात उसने घेतले. कार्तिकात साठ किलो द्यावयाचे. पीक बुडाले व काहीच देता आले नाही, तर साठाची पुढच्या वर्षी दिढी होऊन नव्वद किलो होतात. त्याच्या पुढच्या वर्षी एकशे पस्तीस. चाळीस किलो भात त्या कुटुंबाने एका पावसाळ्यात खाल्ले. परंतु त्या भाताने पुढे त्या कुटुंबाला कित्येक वर्षे खाल्ले!

ज्यांच्याजवळ शेतीचा तुकडाही नव्हता, त्यांची स्थिती याहून बिकट होती. कातकरी पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढीत. त्यांचे नावही त्यावरूनच पडले. जंगलाचे कायदे कडक होत गेले, विशेषतः १८७८ च्या कायद्यानंतर, तसतसा तो धंदा बसला आणि ही रानाची जाणकार जमात मजुरीवर येऊन पडली. पावसाळ्यात धान्यासाठी वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची, तिला ‘उचल’ म्हणतात. दिवाळी झाली की उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब भट्टीवर जावयाचे, ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतावयाचे. आईबापांबरोबर मुलेही जात. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नावापुढे कार्तिकापासून नुसत्या गैरहजेरीच्या खुणा पडत जात. आषाढात घरात आलेले एक पोते धान्य पौषात एखादे मूल शाळेत बसणार की विटा उचलणार, हे ठरवीत असे. आजही अशी कुटुंबे आहेत, हे विसरून चालणार नाही.

या दुष्टचक्राकडे पाहून ज्याचे मन पेटून उठले, असा एक तरुण याच तालुक्यात जन्मास आला. त्याचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना प्रेमाने भाई कोतवाल म्हणत. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. गरिबीतून वाट काढीत ते वकील झाले. वकिलीत पैसा मिळवून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण माथेरानच्या पायथ्याचे शेतकरी व आदिवासी सावकाराच्या वहीत कसे अडकले आहेत, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. वही वाचता येणे ही सुटकेची पहिली पायरी, हे त्यांनी ओळखले होते. त्याचबरोबर त्यांनी धान्यकोठ्या सुरू केल्या. अडल्यानडल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारी न जाता आपल्याच लोकांच्या कोठीतून धान्य मिळावे, हा त्यांतील हेतू होता.

१९४२ साली ‘छोडो भारत’ची हाक आली. भाईंनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्याने पाडले. इंग्रज सरकारने त्यांचा पाठलाग केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाईंचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. त्यांच्या शौर्याचे पोवाडे आपण ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बंदूक हाती घेण्यापूर्वी या वीराने धान्याचे माप हाती घेतले होते, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. परक्या सत्तेविरुद्धचा लढा आणि खोट्या मापाविरुद्धचा लढा त्यांना दोन वाटले नाहीत.

स्वातंत्र्य आले, तथापि डोंगरातील आषाढ एकदम बदलला नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत याच कर्जत तालुक्यातील कशेळे येथे ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने पुन्हा तेच सूत्र हाती धरले. नफा मिळवणे हा या संस्थेचा उद्देश नव्हता. तिने आदिवासी वाड्यांमध्ये धान्यकोष उभारण्यास साहाय्य केले, भाताच्या जुन्या गावठी वाणांचे जतन केले आणि औषधी वनस्पतींचे काम केले. असे प्रयत्न ठिकठिकाणी होऊ लागले. पुढे १९९६-९७ साली केंद्र सरकारनेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्यकोषाची योजना सुरू केली.

धान्यकोषाची रीत साधी आहे. प्रत्येक घराने कापणीनंतर थोडे थोडे धान्य घालावे. आरंभीची तूट संस्थेने भरून द्यावी. पावसाळ्यात ज्याला गरज असेल त्याने न्यावे व कापणीनंतर ठरलेल्या वाढीसह परत करावे. वाढ किती असावी, हे गावाच्या सभेने ठरवावे. येथे कोणी विचारील, “वाढ घ्यावयाचीच, तर मग सावकारात व कोठीत फरक तो काय ?” प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर पुन्हा गणिताकडेच मागू.

समजा, कोठीत आठशे किलो भात आहे. वीस कुटुंबांनी प्रत्येकी चाळीस किलो सवाईने नेले. कापणीनंतर प्रत्येकाने पन्नास किलो परत केले, म्हणजे कोठीत एक हजार किलो भात जमा झाले. पुढच्या पावसाळ्यात पंचवीस कुटुंबांची सोय झाली. सुकवण, उंदीर व किडा यांची तूट त्यातून वजा जाईल, हे खरे. तरीही कोठी दर वर्षी थोडी थोडी भरत जाईल. सावकाराकडे दिलेली वाढ सावकाराच्या माडीवर चढते. कोठीत दिलेली वाढ शेजाऱ्याच्या चुलीवर चढते. फरक आहे तो एवढाच, आणि एवढा मोठा !

परंतु कोठी म्हणजे काही चार भिंती व एक कुलूप नव्हे. ती चालवणारी माणसे असतात. अशा संस्थांत काम करणाऱ्या माणसांची नावे वृत्तपत्रांत क्वचितच येतात. त्यांचे काम काय असते, ते आता पाहू.

पहिला येतो तो पायी फिरणारा कार्यकर्ता. श्रावणात ओढे दुथडी भरून वाहतात, पायवाटा निसरड्या होतात. खांद्यावर पिशवी, डोक्यावर इरले किंवा छत्री आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही घेऊन तो वाडीवाडीला जातो. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण आजारी आहे, कोणी गुपचूप उचल घेतली, हे त्याला कळावे लागते. आणि ते कोणाचा मान न दुखवता कळावे लागते. “तुमच्याकडे खायला आहे का ?” असे तो विचारीत नाही. ओटीवर बसतो, लावणीची चौकशी करतो, पोरांची विचारपूस करतो आणि चुलीकडे एकदा पाहतो. जे समजावयाचे ते त्याला समजते.

दुसरे काम मापाचे. कित्येक ठिकाणी हे काम वाडीतील स्त्रियांकडे असते, कारण दाणा कसा निवडावा, वाळवावा व राखावा हे त्यांना उत्तम कळते. भात दाताखाली धरून कट्ट वाजले की ते नीट वाळले आहे, हे त्या सांगतात. कणगीला शेणाचा लेप देणे, दाण्यात निरगुडीचा पाला घालणे, जमिनीवर फळ्या टाकून ओल अडवणे, ही त्यांची विद्या. तराजू सरकारी पडताळणीची मोहोर असलेला असतो. मापणारी बाई देताना व घेताना तोच तराजू, तेच वजन वापरते आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबते. हे थांबणे लहानसे दिसते. पण तेवढ्या वेळात पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास थोडा थोडा विरघळत असतो.

तिसरा हिशेबनीस. त्याने वही लिहावयाची असतेच. शिवाय ती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावयाची असते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्या नावापुढचा आकडा ऐकण्याचा हक्क आहे. “तुझ्या नावे इतके, तू दिलेस इतके, बाकी इतकी,” असे सभेत उघड म्हटले की कुजबुज थांबते. ज्या वहीचे वाचन चारचौघांत होते, त्या वहीत खोटे टिकत नाही. ही माणसे पगार घेतात, नाही असे नाही. त्यांनाही घर आहे, मुले आहेत. त्यांचा मोठेपणा फुकट काम करण्यात नाही. हाती किल्ली असूनही हात स्वच्छ ठेवण्यात तो आहे.

कोठीपुढे खरी परीक्षेची वेळ येते ती वसुलीच्या दिवशी. असा एक प्रसंग आपण डोळ्यांपुढे आणू. कार्तिक महिना आहे. आंब्याखाली सभा भरली आहे. एका विधवा बाईचे भात ऐन कापणीत अवकाळी पावसाने आडवे झाले आणि कुजले. ती रिकामे पोते घेऊन उभी आहे.

एक तरुण म्हणतो, “नियम तो नियम. आज हिला सोडले, तर उद्या सारेच हात वर करतील.”

दुसरी बाई म्हणते, “अरे, पण तिनं आणायचं कुठनं ? सोडून द्या की समदं. वाडीतलीच हाय ना ती ?”

दोघांचेही म्हणणे खरे वाटते. सारे कार्यकर्त्याकडे पाहू लागतात. तो म्हणतो, “कोठी तुमची आहे. मी वही वाचीन. निकाल तुम्ही द्या.”

मग एक म्हातारबाबा उठतात. ते म्हणतात, “तिला माफ केलं, तर कोठी रिकामी झाली आणि ती मिंधी झाली. तिच्याकडनं आज वसूल केलं, तर कोठी भरली आन् ती भट्टीवर गेली. आपण मुदत देऊ. औंदा वाढ नको. मूळ माप तिनं फुडल्या साली आणावं. कोठीबी राहील आन् तीबी राहील.”

सभा मान डोलावते. हिशेबनीस तसे वहीत लिहितो व लिहिलेले वाचून दाखवतो. बाई रिकामे पोते झटकते, नीट घडी घालते आणि बरोबर घेऊन जाते. पुढच्या वर्षी ते भरून आणावयाचे आहे !

दया आणि न्याय यांतील अंतर या प्रसंगात आहे. दयेने दिलेले घेताना मान खाली जाते. न्यायाने मिळालेले घेताना मान ताठ राहते. रास्त व्यवहार करणाऱ्या संस्था भिक्षा वाटत नाहीत. त्या योग्य दाम, योग्य माप आणि योग्य मुदत देतात. नफा खिशात घालावयाचा नसला, तरी तोटा करून चालत नाही. कारण संस्था बुडाली की तिच्यावर विसंबलेली वाडीही बुडते. म्हणून तेथील माणसाला मन मऊ आणि हिशेब पक्का ठेवावा लागतो.

जे धान्याचे, तेच रानातील मालाचे. हिरडा, बेहडा, शिकेकाई, मध, गुळवेल ही औषधी व उपयोगी संपत्ती गोळा करणारे हात वाडीतले; पण तिचा भाव ठरे शहरातल्या पेढीवर. २००६ च्या वनहक्क कायद्याने असा गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आदिवासींना दिला. २०१८ साली केंद्र सरकारने वनधन योजना सुरू केली. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर येथील कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेल गोळा करण्याचा, वाळवण्याचा व विकण्याचा व्यवसाय उभा केला आणि थेट मोठ्या औषध-कंपन्यांच्या मागण्या मिळवल्या. गुळवेल तोडताना बुंधा राखून ठेवावा, नीट वाळवावा, निवडून पोती भरावीत, ओला माल सुक्यात मिसळू नये, हे सारे या व्यवसायात सांभाळावे लागते. कारण रास्त दाम मागणाऱ्याने रास्त मालही दिला पाहिजे. न्याय हा दोन्ही पारड्यांचा असतो.

या व्यवहाराला आज जगभर ‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापार म्हणतात. मे महिन्याचा दुसरा शनिवार त्याचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. माल करणाऱ्याला योग्य मोबदला मिळावा, मुलांना कामाला जुंपू नये, हिशेब उघड असावा आणि मोठी मागणी आल्यास काही रक्कम आगाऊ द्यावी, अशी त्याची तत्त्वे आहेत. शेवटचे तत्त्व ध्यानात घ्या. आगाऊ रक्कम ठेकेदारही देतो आणि न्याय्य व्यापारीही देतो. पहिल्याची उचल माणसाला बांधून ठेवते. दुसऱ्याची उचल त्याला सावकारापासून सोडवते. मुंबईत अंधेरी येथे १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ या संस्थेत वस्त्यांतील स्त्रिया शिवणकाम करतात आणि त्यांचे कपडे याच वाटेने परदेशी जातात.

ही कल्पना मात्र परदेशातूनच आली, असे समजू नये. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली विणकर व इतर कारागिरांनी मिळून एक लहानसे दुकान काढले आणि शुद्ध माल व पुरे माप देण्याचा निश्चय केला, हे खरे. पण आपल्या देशातही १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. खादी स्वस्त व्हावी म्हणून कातणाऱ्या बाईच्या पोटाला चिमटा काढणे गांधीजींना मान्य नव्हते. तिला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी थोडी महाग झाली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी १९३५ साली धरला. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडी येथे विनोबांनी स्वतः सूत कातून त्या मजुरीवर माणसाला जगता येते का, हे आपल्या देहावर पारखून पाहिले. आणि विनोबांचे जन्मगाव कोणते ? खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे ! १८९५ साली याच मातीत ते जन्मले. माथेरानचे भाई आणि गागोद्याचे विनोबा. एकाच्या हाती धान्याचे माप, दुसऱ्याच्या हाती सुताची लडी. प्रश्न दोघांचाही एकच होता : श्रम करणाऱ्याच्या पदरात पुरते माप पडते का ?

आज काळ बदलला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर धान्य मिळणे हा गरीब कुटुंबांचा हक्क ठरला. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत सडका आल्या, घरे झाली, शेतावर विश्रामगृहे उभी राहिली. तरीही नव्या रूपात जुना प्रश्न उभाच आहे. पावसाळ्याच्या आरंभी कर्जतच्या, नेरळच्या किंवा खोपोलीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला शेवळ्यांच्या जुड्या घेऊन एखादी ठाकर बाई बसलेली असते. पहाटे अंधारात ती रानात गेली, काट्यांतून शेवळी शोधली, पळसाच्या किंवा सागाच्या पानात बांधली आणि डोंगर उतरून आली. आपण मोटारीतून उतरतो आणि पाच रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करतो. मोठ्या दुकानात मात्र छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने पैसे मोजतो !

मुलांनो, रास्त मापाची माणसे केवळ संस्थेतच असावी लागतात असे नाही. भाजी घेताना, मजुरी देताना, वर्गात खाऊ वाटताना आपल्या हातीही एक माप असते. देताना सपाट आणि घेताना शिगोशीग, असे ते होऊ न देणे हे आपल्या हाती आहे. दोन्ही वेळा एकच माप वापरावे, आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबावे.

शब्दार्थ

कणगी – धान्य साठवण्याची बांबूची शेणाने लिंपलेली टोपली. पायली – धान्य मोजण्याचे जुने माप. शिगोशीग – मापावर ढीग येईल असे भरलेले. उचल – कामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. सुकवण – वाळल्यामुळे वजनात येणारी घट. इरले – पावसापासून रक्षणासाठी पाने व बांबूच्या कामट्या यांचे केलेले आच्छादन. गौण वनोपज – लाकडाखेरीज रानातून मिळणारे मध, डिंक, फळे इत्यादी पदार्थ. मिंधा – दुसऱ्याच्या उपकाराखाली दबलेला. औंदा – यंदा.

अभ्यास

१. पावसाळा वाड्यांतील लोकांना कठीण का वाटे ? भाताच्या वर्षाच्या आधारे सांगा.

२. ‘आषाढातील एक पोते धान्य पौषातील शाळा ठरवी.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

३. भाई कोतवाल यांनी शाळा आणि धान्यकोठ्या ही दोन्ही कामे का हाती घेतली असावीत ?

४. सभेत तरुणाचे व दुसऱ्या बाईचे म्हणणे काय होते ? म्हातारबाबांचा निकाल तुम्हांला पटतो का ? आपले मत कारणांसह लिहा.

५. गणित करा : कोठीत ६०० किलो भात आहे. ते १५ कुटुंबांनी समान नेले व सवाईने परत केले. सुकवण व उंदीर यांमुळे ३० किलो तूट आली. आता कोठीत किती भात आहे ?

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पोटाला चिमटा काढणे, दिवस ढकलणे, हात वर करणे, मान ताठ राहणे.

७. सभेतील बोलीभाषेतील वाक्ये प्रमाण भाषेत लिहा. त्यांत काय बदलले व काय हरवले, ते सांगा.

८. उपक्रम : आपल्या गावच्या आठवडे बाजारात रानभाजी विकणाऱ्या एखाद्या काकूंशी किंवा आजींशी आदराने बोला. त्या किती वाजता निघतात, किती चालतात, भाजी कोठे मिळते, हे विचारा व दहा ओळी लिहा.